रिकाम्या कस्टम फील्डला डिफॉल्ट व्हॅल्यू: आरटीमध्ये पहिली स्क्रिप लिहिणाऱ्यांसाठी

महिन्याच्या रिपोर्टसाठी पहिल्यांदा चार्ट काढला तेव्हा सगळ्यात उंच खांब होता 'नो व्हॅल्यू'चा. तिकिटं, म्हणजे लोकांच्या तक्रारी-विनंत्यांच्या नोंदी, कुठल्या प्रकारची येतात हे साहेबांना हवं होतं आणि आमचं उत्तर होतं, "बहुतेक कुठल्याच नाही." मग मी एका बैठकीत स्क्रिप, म्हणजे तिकिटावर काही घडलं की आपोआप चालणारा छोटा नियम, लिहिली, रिकाम्या दिसणाऱ्या प्रत्येक कस्टम फील्डमध्ये (तिकिटावर आपण स्वतः जोडलेल्या रकान्यात) काहीतरी भरून टाकलं आणि खूश होऊन घरी गेले. दोन आठवड्यांनी कळलं, की लोकांनी विचार करून भरलेली शून्यंही त्या स्क्रिपने पुसली होती.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. सॉफ्टवेअर आहे रिक्वेस्ट ट्रॅकर, म्हणजे आरटी. जेसी व्हिन्सेंट यांनी १९९६ साली सुरू केलेलं, पर्लमध्ये लिहिलेलं, मुक्त स्रोत तिकीट सॉफ्टवेअर. पर्ल तुम्हाला जेमतेम येतं किंवा येतच नाही, पण आरटीच्या ॲडमिनची जबाबदारी अंगावर पडली आहे, असं धरून चालते. माझंही तसंच होतं.

एक आधीच सांगते: खाली तयार कोड चिकटवलेला नाही. कोडची प्रत्येक ओळ काय करते ते मराठीत सांगितलं आहे आणि जिथे मेथडचं, म्हणजे आरटीतल्या तयार आज्ञेचं, नाव लागतं तिथे ते दिलं आहे. नाव इंग्रजीत टाइप करताना शब्दांमध्ये जागा सोडायची नाही आणि प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. हे मुद्दाम केलं आहे. माझी शून्यं गेली ती न वाचता चिकटवलेल्या चार ओळींमुळे.

१. स्क्रिप खरंच लागणार आहे का?

आधी हे बघा, कदाचित पुढचं काहीच करावं लागणार नाही.

आरटी ४.४ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर ॲडमिनमध्ये क्यू (तिकिटांची एक रांग) उघडल्यावर 'डिफॉल्ट व्हॅल्यूज' नावाचं पान मिळतं. त्या क्यूला लावलेली कस्टम फील्ड्स तिथे दिसतात. फील्डसमोर हवी ती व्हॅल्यू भरा, सेव्ह करा, संपलं. नवं तिकीट तयार होताना जे फील्ड रिकामं असेल त्यात ती व्हॅल्यू जाते.

मग स्क्रिप कधी? माझ्या अनुभवात चारच प्रसंगी:

- डिफॉल्ट सगळ्यांना सारखं नसतं तेव्हा. म्हणजे तिकीट कोणी पाठवलं किंवा विषयात काय लिहिलं यावरून ते ठरवायचं असतं.
- तिकीट एका क्यूमधून दुसऱ्या क्यूमध्ये जातं तेव्हा. नव्या क्यूची वेगळी फील्ड्स असतील तर ती रिकामीच असतात, कारण तिकीट तिथे 'तयार' झालेलं नसतं, नुसतं सरकलेलं असतं.
- तिकीट बंद करताना एखादं फील्ड भरलेलं असायलाच हवं असतं तेव्हा.
- आवृत्ती जुनी आहे आणि ती बदलणं तुमच्या हातात नाही तेव्हा.

"फील्ड मँडेटरी करून टाकू, म्हणजे भरावंच लागेल," हा विचार सगळ्यांच्या मनात येतो. माझ्याही आला. पण मँडेटरीची सक्ती वेबच्या फॉर्मवर चालते. मेलने आलेल्या तिकिटाला फॉर्मच नसतो. माणूस मेल पाठवतो, मेल गेटवे तिकीट उघडतो आणि फील्ड कोणी कोणाला विचारतच नाही. ज्या ठिकाणी बहुतेक तिकिटं मेलने येतात, तिथे मँडेटरी करून 'नो व्हॅल्यू'चा खांब फारसा बुटका होत नाही.

२. हाताशी काय हवं

- आरटीमध्ये स्क्रिप बदलण्याचा हक्क, आणि शिवाय 'एक्झिक्यूट कोड' नावाचा वेगळा जागतिक हक्क. दुसरा नसेल तर स्वतःचा कोड सेव्हच करता येत नाही. सुपरयूझर असाल तर दोन्ही आहेत.
- एक चाचणी क्यू. खऱ्या क्यूवर पहिला प्रयोग करू नका.
- फील्डचा नंबर. ॲडमिनमध्ये कस्टम फील्ड्सची यादी उघडली की पहिल्याच रकान्यात दिसतो.
- सर्व्हरचा लॉग वाचायची सोय. स्वतःला नसेल तर जो वाचू शकतो त्याच्याशी आधी बोलून ठेवा.
- फील्ड कोण भरतं, कधी भरतं, कशासाठी वापरतं हे सांगणारा एक माणूस. हे साधन कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं, पण पायरी ३ त्याच्याशिवाय होत नाही.

फील्ड त्या क्यूला लावलेलं आहे ना, तेही आत्ताच तपासा. कस्टम फील्ड तयार करणं आणि ते क्यूला लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं राहून गेलं असेल तर स्क्रिप त्या फील्डमध्ये काहीच भरू शकत नाही आणि पडद्यावर त्याचा काही पत्ताही लागत नाही.

३. 'रिकामं' म्हणजे काय, ते ठरवा

सगळी गोम इथे आहे. कोड दहा ओळींचा असतो. रिकामं कशाला म्हणायचं यावर मात्र तासभर घालवला तरी वाया जात नाही.

फील्डची व्हॅल्यू विचारायला 'फर्स्टकस्टमफील्डव्हॅल्यू' ही मेथड आहे. फील्डला कधी हातच लागला नसेल तर ती पर्लचं 'अनडेफ' देते, म्हणजे 'काहीच नाही'. इथपर्यंत सरळ आहे. नवखा माणूस मग लिहितो, "व्हॅल्यू नसेल तर डिफॉल्ट भर." वाचायला अगदी बरोबर वाटतं.

पण पर्लच्या लेखी खोटं काय काय असतं ते बघा. अनडेफ खोटं. रिकामी स्ट्रिंग खोटी. आणि शून्य, मग ते अंक म्हणून असो की एका अक्षराची स्ट्रिंग म्हणून, तेही खोटं. म्हणजे 'किती संगणक बंद पडले?' या फील्डमध्ये कोणी विचारपूर्वक शून्य लिहिलं असेल, तरी पर्लला तिथे काहीच दिसत नाही. माझ्या स्क्रिपचं डिफॉल्ट १ होतं. 'एकही संगणक बंद नाही, फक्त चौकशी' अशी कितीतरी तिकिटं एका रात्रीत 'एक संगणक बंद' झाली.

यावर कडी म्हणजे, एकच व्हॅल्यू घेणाऱ्या फील्डला 'ॲडकस्टमफील्डव्हॅल्यू'ने नवी व्हॅल्यू दिली की जुनी निघून जाते. नावात 'ॲड' आहे म्हणून ती जुनीच्या शेजारी बसेल असं समजू नका. तसं फक्त अनेक व्हॅल्यू घेणाऱ्या फील्डमध्ये होतं.

दुसऱ्या टोकाला असते नुसती मोकळी जागा. मजकुराच्या फील्डमध्ये कोणी स्पेसबार दाबून ठेवला तर पर्लच्या लेखी ते भरलेलं आहे, माणसाच्या लेखी रिकामं. मँडेटरी फील्डची सक्ती चुकवायला लोक काय काय करतात हे ज्यांनी तिकिटं हाताळली आहेत त्यांना सांगायला नको. कोणी टिंब देतं, कोणी डॅश, कोणी 'अबक'. टिंबाच्या मागे लागू नका. स्पेसपुरता बंदोबस्त करा.

तेव्हा माझी व्याख्या अशी: व्हॅल्यू डिफाइन्ड नसेल, किंवा तिच्यात डोळ्याला दिसणारं एकही अक्षर नसेल, तर फील्ड रिकामं. शून्य दिसतं, म्हणून शून्य भरलेलं. पर्लमध्ये यासाठी दोन तपासण्या लागतात: आधी 'डिफाइन्ड', मग रेग्युलर एक्स्प्रेशनने 'स्पेस सोडून एक तरी अक्षर आहे का'. दोन्हींचं उत्तर हो आलं तर हात लावायचा नाही.

४. डिफॉल्ट म्हणून काय भरायचं

इथे माझं मत जरा ठाम आहे. सगळ्यात जास्त वेळा येणारी व्हॅल्यू डिफॉल्ट म्हणून देऊ नका.

मोह होतो. बहुतेक तिकिटं 'सॉफ्टवेअर' प्रकारची असतात, मग रिकाम्यांनाही 'सॉफ्टवेअर' देऊ, बरोबरच निघेल. पण तसं केलं की कोणी निवडलेलं 'सॉफ्टवेअर' आणि स्क्रिपने कोंबलेलं 'सॉफ्टवेअर' यांत रिपोर्टमध्ये काहीच फरक उरत नाही. 'नो व्हॅल्यू'चा खांब निदान खरं बोलत होता. आता चार्ट छान दिसतो आणि त्यावर कोणाचा तरी खरेदीचा निर्णय होतो.

त्यापेक्षा फील्डच्या यादीत 'ठरलं नाही' अशी एक व्हॅल्यू घाला आणि तीच डिफॉल्ट द्या. तिकीट हाताळणाऱ्याला ती डोळ्यांत खुपते, हे उत्तमच. शिवाय तिच्यावर शोध लावून ठेवता येतो: 'ठरलं नाही' असलेली उघडी तिकिटं दाखव. आठवड्याला कोणीतरी ती यादी रिकामी करायची.

जिथे तर्काने व्हॅल्यू काढता येते तिथे गोष्ट वेगळी. मेल ज्या पत्त्यावरून आली त्यावरून विभाग कळत असेल, तर तो विभाग भरायला हरकत नाही. तो अंदाज नाही, माहिती आहे.

व्हॅल्यू कोडमध्ये लिहिताना ती फील्डच्या यादीतल्या शब्दाशी हुबेहूब जुळली पाहिजे. यादीत 'ठरलं नाही' आणि कोडमध्ये 'ठरले नाही', असा घोळ मराठीत फार सहज होतो. अनुस्वार आणि मात्रा दोन वेळा बघा, शेवटी चिकटलेली स्पेसही बघा. मजकुराच्या मोकळ्या फील्डमध्ये तर अशा चुकीला कोणी अडवणार नाही, आणि एकाच अर्थाचे दोन खांब चार्टमध्ये शेजारी शेजारी उभे राहतील.

५. स्क्रिपचा सांगाडा उभा करा

स्क्रिप, स्क्रिप्ट नाही. आरटीत हा शब्द असाच आहे, शेवटचा 'ट' गाळून. शोधताना 'स्क्रिप्ट' टाकलंत तर भलतंच सापडेल.

ॲडमिन, मग स्क्रिप्स, मग क्रिएट. जे पान उघडतं त्यात एवढं भरायचं:

*डिस्क्रिप्शन.* काय करते ते सरळ लिहा: 'रिकाम्या प्रकारात ठरलं नाही भर'. जुन्या आवृत्त्यांत स्क्रिप्स या नावाच्या वर्णक्रमाने चालायच्या, म्हणून पुष्कळ ठिकाणी नावाच्या सुरुवातीला ०५, १० असे आकडे दिसतात. ते कोणाची हौस म्हणून काढून टाकू नका. ४.२पासून क्यूच्या स्क्रिप यादीत वर-खाली सरकवून क्रम लावता येतो.

*कंडिशन.* नव्या तिकिटासाठी 'ऑन क्रिएट'. क्यू बदलल्यावर हवं असेल तर 'ऑन क्यू चेंज'. दोन्ही हवी असतील तर दोन वेगळ्या स्क्रिप्स करा असं मी सांगेन. 'यूझर डिफाइन्ड' कंडिशन लिहून एकीतच भागवता येतं, पण सहा महिन्यांनी वाचताना दोन सोप्या स्क्रिप्स एका हुशार स्क्रिपपेक्षा बऱ्या वाटतात.

*ॲक्शन.* 'यूझर डिफाइन्ड'.

*टेम्प्लेट.* 'ब्लँक'. आपल्याला मेल पाठवायची नाही, पण हा रकाना सोडून देता येत नाही.

*स्टेज.* 'नॉर्मल' की 'बॅच'? 'ऑन क्रिएट'साठी नॉर्मल चालतं, कारण फॉर्ममध्ये भरलेली फील्ड्स तिकीट तयार झाल्याची नोंद होण्याआधीच साठवलेली असतात. बाकी सगळीकडे बॅच घ्या. कारण सांगते. माणूस एकाच पानावर उत्तर लिहितो, फील्ड भरतो, स्टेटस 'रिझॉल्व्ड' करतो आणि एकदाच बटण दाबतो. आरटीसाठी मात्र ते तीन वेगळे ट्रान्झॅक्शन, म्हणजे वेगवेगळे नोंदलेले बदल, असतात, एकामागून एक. नॉर्मल स्टेजची स्क्रिप पहिल्याच ट्रान्झॅक्शनला उठली तर तिला फील्ड रिकामं दिसतं, कारण ते भरण्याचा नंबर अजून लागलेलाच नाही. ती डिफॉल्ट भरते, पाठोपाठ माणसाची व्हॅल्यू येते, आणि इतिहासात उगाच दोन नोंदी पडतात. बॅच स्टेजची स्क्रिप सगळे ट्रान्झॅक्शन उरकल्यावर चालते.

*कुठे लावायची.* फक्त चाचणी क्यूला. ग्लोबल करायचा मोह आवरा. ज्या क्यूंना ते फील्ड लावलेलं नाही तिथे प्रत्येक तिकिटागणिक लॉगमध्ये एक चूक लिहिली जाईल.

६. कोडचे तीन रकाने

पानाच्या तळाशी तीन चौकटी असतात: कस्टम कंडिशन, ॲक्शन प्रिपरेशन कोड आणि ॲक्शन कमिट कोड.

कस्टम कंडिशन कोरी ठेवा. कंडिशन यादीतली घेतली असल्यामुळे ती वाचलीच जात नाही.

प्रिपरेशन कोड मात्र कोरा ठेवायचा नाही. त्यात '१ परत कर' एवढी एक ओळ हवी. प्रिपरेशनने खरं परत केलं तरच आरटी कमिटकडे वळतो. चौकट कोरी असेल तर परत येतं अनडेफ, म्हणजे खोटं, आणि तुमचा कमिट कोड कितीही बिनचूक असला तरी कधीच चालत नाही. चूक म्हणून कुठे नोंदही नाही. याच एका ओळीवाचून मी अख्खी दुपार घालवली आहे.

कमिट कोड ओळीने असा:

१. सेल्फकडून (कोडमध्ये चालू स्क्रिपचं स्वतःचं नाव) 'तिकीटऑब्ज' मागून घ्या. हेच आपलं तिकीट.

२. तिकिटाला 'फर्स्टकस्टमफील्डव्हॅल्यू' विचारा, कंसात फील्डचा नंबर किंवा नाव. आलेली व्हॅल्यू एका व्हेरिएबलमध्ये ठेवा.

३. व्हॅल्यू डिफाइन्ड असेल आणि तिच्यात दिसणारं एक तरी अक्षर असेल, तर तिथेच १ परत करून बाहेर पडा.

४. इथपर्यंत आलो म्हणजे फील्ड रिकामं आहे. 'ॲडकस्टमफील्डव्हॅल्यू'ला हाक मारा, सोबत दोन गोष्टी: 'फील्ड' म्हणजे कुठे, 'व्हॅल्यू' म्हणजे काय.

५. ही मेथड दोन उत्तरं देते: जमलं की नाही, आणि त्याबद्दलचा निरोप. दोन्ही झेला.

६. जमलं नसेल तर आरटीच्या लॉगरला 'एरर' पातळीवर तिकिटाचा नंबर आणि तो निरोप लिहायला सांगा.

७. शेवटी १ परत करा.

पाचवी आणि सहावी ओळ गाळलेला कोड सर्रास दिसतो. नका गाळू. स्क्रिप फसली तरी तिकीट उघडणाऱ्याला काहीच कळत नाही, कळायचं ठिकाण लॉग हेच.

दुसऱ्या ओळीत मी नंबर वापरते, नाव नाही. उद्या कोणी 'प्रकार'चं 'तक्रारीचा प्रकार' केलं की नावाने शोधणारा कोड फील्ड हरवून बसतो. नंबर बदलत नाही. नंबर वाचून काही कळत नाही हे खरं, म्हणून वर एक कॉमेंट लिहून ठेवा.

पर्ल न येणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट: कोडमध्ये मेलचा पत्ता लिहायचा असेल तर एकेरी अवतरणात लिहा. दुहेरी अवतरणात ॲट चिन्ह आलं की पर्लला ती ॲरे, म्हणजे व्हॅल्यूंची यादी, वाटते, आणि अख्खी स्क्रिप मोडते.

*फील्ड एकापेक्षा जास्त असतील तर*

प्रत्येक फील्डसाठी वेगळी स्क्रिप करू नका. एक हॅश बनवा, डावीकडे फील्डचा नंबर, उजवीकडे त्याचं डिफॉल्ट, आणि त्यावर लूप फिरवा. लूपच्या आत वरच्याच ओळी.

फक्त तिसरी ओळ बदला. तिथे 'परत कर' होतं, लूपमध्ये 'नेक्स्ट' हवं. 'परत कर' तसंच राहिलं तर पहिलं भरलेलं फील्ड भेटताच अख्खा कोड संपतो आणि उरलेली फील्ड्स बघितलीच जात नाहीत. त्यात पर्लच्या हॅशला ठरलेला क्रम नसतो, त्यामुळे कधी तीन फील्ड्स भरलेली दिसतात, कधी एकच. याला भूत समजून सर्व्हर रीस्टार्ट करणारे लोक मी पाहिले आहेत.

*इतिहासात नोंद ठेवायची का?*

'ॲडकस्टमफील्डव्हॅल्यू'ला 'रेकॉर्डट्रान्झॅक्शन' शून्य असं सांगितलं की बदलाची नोंद तिकिटाच्या इतिहासात पडत नाही आणि दुसऱ्या स्क्रिप्सही त्या बदलाने जाग्या होत नाहीत. शांतता मिळते. तरी मी नोंद ठेवते. कोणी विचारलं, "हे 'ठरलं नाही' कोणी केलं?" तर इतिहासात उत्तर दिसतं: आरटीने स्वतः. स्क्रिप सिस्टीम यूझरच्या नावाने चालते, त्यामुळे माणसावर आळ येत नाही. माझी शून्यं परत आणता आली तीही या नोंदींमुळेच. त्यांत जुनी व्हॅल्यू लिहिलेली होती.

मात्र तुमच्याकडे 'ऑन ट्रान्झॅक्शन'वर मेल पाठवणारी एखादी स्क्रिप असेल, तर प्रत्येक डिफॉल्टमागे एक मेल जाईल. तेव्हा नोंद बंद करा, किंवा त्या मेलवाल्या स्क्रिपला आवर घाला. मी दुसरं करेन.

७. पोच पावतीच्या मेलमध्ये फील्ड रिकामंच?

स्क्रिप चालते, तिकिटावर 'ठरलं नाही' दिसतं, पण तिकीट उघडल्यावर जाणाऱ्या ऑटोरिप्लायमध्ये त्या जागी काहीच नाही. क्रम बदलून बघितला, आपली स्क्रिप सगळ्यात वर नेली, तरी तेच. हा प्रकार मला बरेच दिवस कळला नव्हता.

कारण असं: नॉर्मल स्टेजला आरटी आधी सगळ्या स्क्रिप्सचं प्रिपरेशन उरकतो आणि मग सगळ्यांचं कमिट. मेलचा टेम्प्लेट भरला जातो तो मेलवाल्या स्क्रिपच्या प्रिपरेशनमध्ये. आपली व्हॅल्यू जाते कमिटमध्ये. म्हणजे क्रमात पहिला नंबर लावूनही आपण उशिराच पोचतो.

दोन वाटा आहेत. एक म्हणजे कमिटमधला कोड उचलून प्रिपरेशनच्या चौकटीत टाकायचा आणि स्क्रिपचा क्रम ऑटोरिप्लायच्या आधी लावायचा. चालतं, खूप जण करतात. पण बदल करण्याची जागा कमिट आहे, प्रिपरेशन म्हणजे नुसती तयारी, आणि पुढे कोड वाचणाऱ्याला हे विचित्र वाटणार. तसं केलंत तर कॉमेंटमध्ये कारण लिहा.

दुसरी वाट टेम्प्लेटमध्येच तोडगा काढायची: फील्ड रिकामं असेल तर मेलमध्ये 'ठरलं नाही' छाप. तिकिटाला हात लागत नाही, फक्त मेल नीट दिसते. मेलमध्ये एकच फील्ड असेल तर मी हीच घेते.

८. चाचणी

चाचणी क्यूमध्ये निदान ही तिकिटं उघडा:

- वेबवरून, फील्ड रिकामं ठेवून. डिफॉल्ट यायला हवं.
- वेबवरून, फील्ड भरून. भरलेलंच राहायला हवं.
- वेबवरून, फील्डमध्ये शून्य लिहून. शून्यच राहायला हवं. हे वगळू नका.
- मेलने. डिफॉल्ट यायला हवं.
- दुसऱ्या क्यूमधून सरकवून, ती स्क्रिप केली असेल तर.

प्रत्येक तिकिटाचा इतिहास उघडून बघा. नोंद एकदाच पडली आहे ना? मग लॉगमध्ये त्या तिकिटांचे नंबर शोधा. कोडमध्ये अर्धविराम राहिला असेल किंवा कंस सुटला असेल तर ते तिथे कळेल.

स्क्रिप डेटाबेसमध्ये असते, त्यामुळे ती बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही. लॉगची पातळी वाढवण्यासाठी साइट कॉन्फिगमध्ये हात घातलात तर मात्र लागतो.

सगळं ठीक असेल तर एक खरा क्यू जोडा. एक आठवडा थांबा. मग बाकीचे.

९. जुन्या तिकिटांचं काय?

स्क्रिप मागे जाऊन काही करत नाही. कालपर्यंतची रिकामी तिकिटं रिकामीच राहणार.

ती शोधणं सोपं आहे. क्वेरी बिल्डरमध्ये प्रगत शोध उघडा आणि त्या कस्टम फील्डसाठी 'इज नल' अशी अट लिहा, सोबत क्यूचं नाव. निकालाच्या पानावरून 'बल्क अपडेट'मध्ये जा. तिथे कस्टम फील्ड्सही असतात. हवी ती तिकिटं टिक करा, व्हॅल्यू द्या, अपडेट करा. हजारोंनी तिकिटं असतील तर सर्व्हरवरून 'आरटी क्रॉनटूल' चालवता येतो, पण शेकड्यांत असतील तर बल्क अपडेट बरं. डोळ्यांदेखत होतं.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, फील्ड बदलल्यावर मेल पाठवणारी स्क्रिप असेल तर ती तेवढ्यापुरती बंद करा, नाहीतर मागच्या दोन वर्षांत ज्यांनी ज्यांनी तिकीट उघडलं त्या सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये तुम्ही एकदम पोचाल. दोन, बल्क अपडेटने तिकिटाची 'लास्ट अपडेटेड' तारीख बदलते. महिनाभर कोणी न बघितलेली तिकिटं त्या तारखेवरून शोधत असाल, तर ती सगळी एका क्षणात ताजी दिसू लागतील आणि पुढचा महिनाभर ती यादी कोरी येईल.

बंद झालेल्या तिकिटांना मी हात लावत नाही. आमच्या चार्टमध्ये 'नो व्हॅल्यू'चा खांब अजून आहे, फक्त स्क्रिप लागली त्या तारखेच्या पुढे तो दिसत नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा तारीख सांगितली.